आधी पाडस, मग आई

शालिनीताई श्मिट शुद्ध शाकाहारी होत्या, आणि आमच्या खोऱ्यात दर वर्षी किती हरणं मारायची हे ठरवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्यांना कधी वाटलं नाही. वाटायचं ते इतरांना, विशेषतः पहिल्यांदा भेटणाऱ्या मराठी मंडळींना. जवळच्या कायझर्सलाउटर्न या जर्मन शहरातल्या गणपतीत कुणीतरी हमखास विचारायचं, "ताई, तुम्हाला बघवतं तरी कसं हो?" ताई हातातला मोदक ताटलीत ठेवून शांतपणे सांगायच्या, "मला बघावंच लागतं. खाणाऱ्यांना बघावं लागत नाही." मग मोदक पुन्हा उचलायच्या.

कागदोपत्री ठरवायचं ते आम्ट, म्हणजे जिल्ह्याचं सरकारी ऑफिस. पण आम्टला आकडा सुचवायच्या ताई आणि शिकाऱ्यांच्या मंडळाच्या गळी तो उतरवायच्याही ताईच. सत्तरच्या दशकात त्या नागपूरहून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट करायला आल्या आणि डीटर श्मिट नावाच्या भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न करून इथेच राहिल्या. याहून जास्त चरित्र त्यांनी मला कधी सलग सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, घरमालकिणीशी चार चांगले शब्द बोलून असावं एवढं मला कळत होतं.

डीटर स्वतः शिकारी. घराच्या जिन्यात दोन्ही बाजूंना शिंगंच शिंगं. पहिल्याच आठवड्यात मी एका शिंगाला ओली छत्री अडकवली, तेव्हा डीटर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मी छत्री काढली, शिंग रुमालाने पुसलं आणि शिंगाला 'सॉरी' म्हटलं. ताई त्यांना 'अहो' अशी हाक मारायच्या आणि ते जर्मनमधल्या होकाराने, 'जा' म्हणून, ओ द्यायचे. बाकी मराठी त्यांना येत नव्हतं, आणि एवढ्यावर त्यांचा संसार तीस वर्षं चालला होता.

आता हरणांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ताई कळायच्या नाहीत. आमच्या गावाच्या मागे जे जंगल सुरू होतं ते फ्रान्सच्या हद्दीपर्यंत संपत नाही. त्यात लाल हरणं. एकेक नर म्हशीच्या रेडकाएवढा थोराड, डोक्यावर फांद्या फुटलेली शिंगं. शिकारी म्हणजे आपापला जंगलाचा तुकडा भाड्याने घेतलेले दंतवैद्य, बेकर, विमा एजंट. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी ते मचाणावर जाऊन बसायचे आणि सगळ्यांना हवा असायचा तो मोठा नर. मादीला शिंगं नसतात, त्यामुळे भिंतीवर लावायला काही उरत नाही. साहजिकच मादीला कुणी विचारत नसे, आणि कळप वाढत होता.

"नर मारून कळप कमी होत नाही," ताई म्हणायच्या. "उरलेल्या नरांची सोय होते, बास."

वाढलेला कळप कोवळ्या झाडांची साल सोलून खात होता. मैलोगणती झाडांचे बुंधे नागडे. शिकारी म्हणायचे, हरणं भुकेली आहेत, गवत टाका. ताई म्हणायच्या, हरणं घाबरलेली आहेत. सहा महिने रोज मचाणावर माणूस दिसला की ती उघड्यावर चरायला येत नाहीत, दिवसरात्र झाडीत दडून राहतात. "तुम्हाला कुणी सहा महिने खोलीत कोंडलं तर तुम्हीही वॉलपेपर खाल," हे त्यांनी एका दंतवैद्याला तोंडावर सांगितलेलं मी ऐकलं आहे. दंतवैद्याने दातांच्या दृष्टीने त्यावर गंभीरपणे विचार केलेला दिसला.

मग एक दिवस आम्टमधले साहेब आले आणि त्यांनी सांगून टाकलं: तीन वर्षं देतो. तेवढ्यात झाडांचं नुकसान कमी झालं नाही तर हे खोरं हरिणमुक्त जाहीर करू. हरिणमुक्त म्हणजे नर, मादी, पाडस काही न बघता शेवटचं हरीण संपेपर्यंत मारायचं. कायद्यात तशी सोय आहे. साहेब कॉफी पिऊन गेले. ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं ओळखते मी त्यांना. म्हणजे त्यांच्या पणज्यांना ओळखते." कळप वाचवायचा तर त्यातल्या माद्या मारायला हव्यात, आणि ज्यांच्या हातात बंदुका आहेत त्यांना माद्या मारायच्या नाहीत. ताईंच्या पुढे हे एवढंच आणि एवढं मोठं काम होतं.

कामात त्या काटेकोर होत्या. शिकाऱ्यांनी नराच्या शिंगांबरोबर खालचा जबडाही आणून द्यायचा असतो, कारण वय दातांवरून कळतं. हे जबडे गॅरेजमध्ये उकळून साफ केले जात. मला हे ठाऊक नव्हतं. गणपतीला चाळीस माणसांचा मसालेभात करायचा होता, घरातलं पातेलं पुरेना, म्हणून मी गॅरेजमधून एक झकास मोठं पातेलं उचलून आणलं. तांदूळ धुऊन त्यात घातले, फोडणी दुसऱ्या शेगडीवर चढवली. ताई स्वयंपाकघरात आल्या, पातेल्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते जबड्यांचं आहे."

मी हातातला झारा तसाच धरून उभी राहिले.

"घासलेलं आहे," ताई म्हणाल्या. "विज्ञानाच्या दृष्टीने काही हरकत नाही. पण निर्णय तुझा."

मी कोल्हापूरची. पांढऱ्या रश्श्यावर वाढलेली. तरी ते तांदूळ मी टाकून दिले आणि चार कुकर लावून भात केला. ताईंनी भाताचं कौतुक केलं आणि तांदूळ वाया गेल्याची नोंद घेतली.

या प्रदेशात दर वसंतात एक प्रदर्शन भरतं. वर्षभरात मारलेल्या प्रत्येक नराची शिंगं पाटीवर ठोकून गावच्या जिम्नॅशियमच्या हॉलमध्ये मांडतात, शिकारी हिरवे कोट घालून फिरतात, बिअर पितात, एकमेकांच्या शिंगांना नावं ठेवतात. त्यानंतर तिथेच मंडळाची सभा. साहेब येऊन गेल्यानंतरच्या प्रदर्शनाला ताई मलाही घेऊन गेल्या. त्यांनी थर्मास काखेत धरून सगळ्या रांगा सावकाश पाहिल्या. मंडळाचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, कुन्झ, पेशाने बेकर, बाजूने अभिमानाने चालत होते. शेवटच्या पाटीपाशी ताई थांबल्या.

"छान आहे, हेर कुन्झ. सगळे बाप आले आहेत," त्या म्हणाल्या. "आया कुठे आहेत?"

हेर कुन्झ सरळ सभेच्या टेबलाकडे वळले. सभा त्याच मूडमध्ये सुरू झाली.

ताईंचा प्रस्ताव साधा होता. हंगाम छोटा करायचा. शिकार शरदातल्या मोजक्या आठवड्यांत जोरात करायची, आणि नाताळनंतर जंगलात बंदूक न्यायची नाही. माद्या आणि पाडसं पूर्वीच्या दुप्पट मारायची. शिकाऱ्यांची हौसही त्यांनी मोडीत काढली नाही: जो मादी आणि तिचं पाडस आणेल त्याचं नाव पुढच्या शरदात मोठ्या नरासाठी आधी लागेल.

हेर कुन्झ उठले. "फ्राऊ डॉक्टर, मादीवर गोळी झाडणं हे शिकाऱ्याचं काम नाही. ते खाटकाचं काम आहे."

"तुम्ही बेकर आहात," ताई म्हणाल्या. "शिकारी नाही, खाटीक नाही, तर मला बेकरही चालेल."

लोक हसले. मग मागून कुणीतरी विचारलं, मादी मारायची तर तिच्या पाडसाचं काय? हॉलमधलं हसू थांबलं. ताईंनी थर्मासचं झाकण लावलं.

"आधी पाडस मारायचं, मग आई," त्या म्हणाल्या. आवाज तोच, भाजीचा भाव सांगावा तसा. "पाडस पडलं की आई पळते, पण लांब जात नाही. परत येते आणि त्याच्यापाशी उभी राहते. तेव्हा तिला मारायचं. उलट केलंत तर पाडसाला कळप हाकलून देतो आणि ते हिवाळाभर मरत राहतं. तुमच्यातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. मला सांगायला लागलं, याचं वाईट वाटतं."

मतदान झालं. प्रस्ताव दोन-चार हातांनी निसटता पास झाला. विरोधात वर गेलेल्या हातांत एक हात डीटर यांचा होता.

परत येताना गाडी ताई चालवत होत्या, डीटर शेजारी, मी मागे जीव मुठीत धरून बसलेली. अर्ध्या रस्त्यात ताई म्हणाल्या, "अहो, हीटर लावू?" डीटर म्हणाले, "जा." घरापर्यंत एवढंच संभाषण झालं.

दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ताईंनी आपणहून सांगितलं. लग्नाच्या सुरुवातीच्या वर्षांत डीटरनी एक मादी मारली होती. एकटी दिसली, म्हणून पाडस नसेल असं वाटलं. ती पडल्यावर गवतातून पाडस उठलं. ते पळालं, आणि पुढे रोज त्या जागी येऊन उभं राहिलेलं लोकांना दिसायचं. डीटरनी शाळेतून रजा काढली आणि त्याला हालांतून सोडवायला बंदूक घेऊन आठवडाभर फिरले. ते काही त्यांना सापडलं नाही. त्यानंतर त्यांनी मादीवर बंदूक धरली नाही.

"मला त्यांच्या मताचा राग नाही," ताई चादर झटकत म्हणाल्या. "ते एका पाडसाच्या बाजूने बोलतात. मला कळपाचं बघायचंय. आल्झो, थोडक्यात, दोन्ही बरोबर आहे. धर ते टोक."

पहिल्या शरदात शिकाऱ्यांनी पोस्टकार्डावर भरपूर माद्या मारल्या. म्हणजे अमुक दिवशी एक मादी मारली असं कार्ड टाकायचं, आणि मादी जंगलात मजेत. आम्टला आनंद झाला. ताई वसंतात जंगलात फिरून आल्या आणि म्हणाल्या, "मेलेल्या माद्या फार तब्येतीने चरतायत." पुढच्या वर्षापासून त्यांनी नियम केला की मारलेली प्रत्येक मादी श्मिटांच्या अंगणात आणून दाखवायची.

पहिल्याच शनिवारी सकाळी विमा एजंट मादी घेऊन आला. ताईंनी दात पाहिले, कास पाहिली, लिहून घेतलं, त्याला कॉफी दिली. तासाभराने दंतवैद्य आला. ट्रेलरवरची ताडपत्री त्याने बाजूला केली. ताईंनी मान किंचित वाकडी करून मादीचा फाटका कान पाहिला.

"हेर डॉक्टर, या बाई सकाळीच येऊन गेल्या," त्या म्हणाल्या.

दंतवैद्य लाल झाला. ताईंनी त्यालाही कॉफी दिली, वर शंकरपाळे दिले. तेव्हापासून दाखवलेल्या प्रत्येक हरणाच्या कानाचं टोक कातरून ठेवायची पद्धत पडली. कात्री स्वयंपाकघरातलीच नेली, तेव्हा मी मात्र बोलले आणि नवीन कात्री आणवली.

अंगणात आलेल्या प्रत्येकाला ताई एकच प्रश्न विचारायच्या: "आधी कोण?" उत्तर पाडस असंच यायला हवं. पण त्या उत्तरावर अवलंबून राहायच्या नाहीत, कास दाबून पाहायच्या. दूध निघालं आणि ट्रेलरवर पाडस नसलं, तर नोंद नाही. एकदा खुद्द हेर कुन्झ एकटी मादी घेऊन आले. ताईंनी कास दाबली. बोटांवर दूध आलं. त्यांनी बोटं हेर कुन्झ यांच्या समोर धरली.

"पाडस दिसलं नव्हतं, फ्राऊ डॉक्टर."

"आता त्याला आई दिसत नसेल. जा. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. पावसात, अंगणात, कोट घालून. मी दोनदा छत्री घेऊन गेले, दोन्ही वेळा त्यांनी छत्री त्या मादीवर धरायला सांगितली. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. हेर कुन्झ अंधार पडायच्या आधी परत आले, चिखलाने माखलेले, पाडसासकट. ताईंनी पाडस आईच्या शेजारी ठेवायला लावलं आणि दोघांच्या तोंडात फरच्या झाडाची एकेक डहाळी ठेवली. शेवटचा घास म्हणून तशी इथे रीत आहे. हेर कुन्झ टोपी काढून उभे होते. त्या दिवसापासून मंडळात ताईंच्या विरुद्ध कुणी बोललं की उत्तर द्यायला आधी हेर कुन्झ उठायचे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात कायझर्सलाउटर्नला फुटबॉलच्या विश्वचषकाचे सामने झाले. सगळा मुलूख झेंडे लावून नाचत होता. ताईंचं म्हणणं एवढंच की फटाके ऐन विणीच्या दिवसांत उडवायची गरज नव्हती. त्या शरदात बहुतेकांनी आपापल्या वाटच्या माद्या आणल्या. उणीव एकाच ठिकाणी राहिली, ती डीटर यांच्या तुकड्यात. हिवाळ्यात कळप जिथे एकत्र येतो तो खोऱ्याचा मधला भाग त्यांच्याकडे होता. तिथल्या माद्या आल्या नाहीत तर सगळ्यांची तीन वर्षांची मेहनत वाया जाणार, हे हेर कुन्झना माहीत होतं, आम्टला माहीत होतं, मला माहीत होतं. ताई घरात या विषयावर अवाक्षर बोलल्या नाहीत. डीटरना दुसरं कुणी काही बोलू लागलं तर त्या विषय बदलायच्या. मला राहवेना. म्हटलं, "ताई, एकदा विचारा तरी त्यांना." त्या म्हणाल्या, "मी विचारलं तर ते माझ्यासाठी मारतील. माझ्यासाठी मारायचं नाही कुणी."

नाताळच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी डीटर उजाडताना बाहेर पडले. दुपारी त्यांची गाडी अंगणात आली. ट्रेलरवर दोघं होती, लहान आणि मोठं. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. ताई ॲप्रन बांधून बाहेर आल्या, रोजच्यासारख्या, वही आणि कात्री घेऊन.

"आधी कोण?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. नवरा म्हणून सूट दिली नाही.

"पाडस," डीटर म्हणाले.

ताईंनी दात पाहिले. कास दाबली. कानाची टोकं कातरली. डीटर ट्रेलरला टेकून उभे होते. मग म्हणाले, "ती परत आली, शालिनी. तू म्हणाली होतीस तशीच. आली आणि उभी राहिली."

"हो," ताई म्हणाल्या.

त्यांनी वही मिटली, डीटर यांची टोपी काढून हातात घेतली आणि मराठीत म्हणाल्या, "अहो, आत चला. पाणी तापलंय." डीटरना त्यातलं पहिल्या शब्दापलीकडे काही कळलं नसावं, पण ते गेले. मला रडू आलं. रडण्यासारखं काय होतं हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. दोन हरणं मेली होती आणि एक म्हातारा हात धुवायला आत गेला होता.

फेब्रुवारीत आम्टमधले साहेब झाडं बघायला आले. बर्फ पडलेला, जंगल नाताळपासून शांत. ताई, डीटर, हेर कुन्झ, आणि सुट्टी असल्याने मीही बरोबर होते. बर्लिनला नोकरी लागली होती आणि माझं सामान पुढे गेलं होतं, त्याच दिवशी मीही निघणार होते. साहेबांनी बुंध्यांवरून हात फिरवला, ताज्या जखमा शोधल्या. क्वचितच सापडल्या. परत येताना खोऱ्यातल्या कुरणाशी वळलो तर समोर भर दुपारी कळप उघड्यावर उभा होता. बर्फ उकरून गवत खात होता. रस्त्यापासून इतका जवळ की चघळण्याचा आवाज यावा. आम्ही कुंपणाशी थांबलो. पुढे एक थोराड मादी, तिच्या अंगाला लागून पाडस. मादीने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. डीटर यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"राहू दे खोरं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "कळप राहील. अट एकच, दर वर्षी इतक्याच माद्या निघायला हव्यात."

"निघतील," ताई म्हणाल्या.

साहेब गेले. हेर कुन्झना फार आनंद झाला होता. दुर्बीण डोळ्याला लावून ते ताईंच्या कानाशी वाकले, "फ्राऊ डॉक्टर, मग पुढच्या शरदात या पुढच्या दोघांपासून सुरुवात करू या?"

"त्या आत्ता जेवतायत, हेर कुन्झ," ताई म्हणाल्या, आणि त्यांची दुर्बीण खाली केली.

तिथल्याच थांब्यावर माझी स्टेशनला जाणारी बस आली. मी ताईंना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. कळप बिचकेल म्हणून. बसच्या खिडकीतून मी मागे पाहिलं. हेर कुन्झ आणि डीटर थंडीने हात चोळत गाडीपाशी उभे होते. ताईंनी त्यांना हाताने थोपवून धरलं होतं, इंजिन सुरू करू देत नव्हत्या. त्या एकट्या कुंपणाशी, हरणांकडे तोंड करून उभ्या होत्या. पाडस अजून खात होतं.